कोरड्या विहिरीतली हजेरी

मंडळी, आत्ताच औशाहून लातूरला परतले.

माझे काका फौजेत कर्नल होते. अजून ताठ चालतात, पण वय भरलं म्हणून गेल्या महिन्यात नियमानं घरी पाठवलं. आज सकाळी ते शेतातल्या विहिरीत वाकून आपल्या पलटणीतल्या एकेका जवानाचं नाव पुकारत होते.

"काका, हे काय करायलात?"

"हजेरी. दुष्काळानं पाणी आटलं अन् पोरं उत्तर द्यायला लागली बघ."

खरंच, प्रत्येक नाव खालून परत येत होतं. शेवटी काकांनी स्वतःचं नाव पुकारलं. विहीर गप्प. पुन्हा पुकारलं. गप्पच.

मी घाबरून "काका!" ओरडले. माझा आवाज लगेच घुमून वर आला.

तुमच्या घरी कुणी फौजेतून रिटायर होऊन आलंय का? पूर्ण आलंय का?