आबांचा भुईनळा
परवा एका वरातीत फटाक्यांच्या दारूचा वास आला आणि मी थेट तेरखेड्याच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले. माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, जन्मभर फटाके भरून सगळं घर जगवलं, पण घरात कुणाला साधी टिकली फोडू दिली नाही. स्वतः दारूने माखलेले हातपाय धुतल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडायचे नाहीत. असा माणूस वयाच्या नव्वदीत, मी बी.ए. झाले त्या संध्याकाळी, स्वतः भरलेला भुईनळा घेऊन अंगणात आला. आमच्या घरातली पहिली पदवी होती ती! "आबा, वय झालं तुमचं, मी लावतो," चुलते म्हणाले. "गप बस. लोकायच्या लग्नात लई उडाले माझे. ह्यो माझ्या नातीचा हाय." त्यांनी वात पेटवली. ती फुरफुरली आणि विझल्यासारखी झाली. आबांचा चेहरा उतरला. पण चुलते पुढं सरकताच त्यांनी सदरा धरून त्यांना मागं ओढलं, "थांब, मेला न्हाय त्यो!" आणि काय सांगू, सोनेरी कारंजं लिंबाच्या फांद्यांना भिडलं! पोरं नाचली, आई रडली, मी तर शिट्टीच मारली. दर दिवाळीला राबून दमलेले आबा लवकर झोपायचे. आपला माल उडताना हौसेनं ते पहिल्यांदाच बघत होते. "आता कळलं," ते म्हणाले, "लोकं एवढी वरडतेत कशाला!" आबा आता नाहीत. परवा वरातीत भुईनळा उडाला तेव्हा मी, कॉलेजात शिकवणारी बाई, भर रस्त्यात मोठ्यानं ओरडले.