पंगतीपुरता नवरा

आठवड्यातून चार संध्याकाळी वुरियानीला नवरा असायचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार.

साडेपाचच्या सुमाराला तुगिमानची मोटारसायकल विनोंगो नदीकाठच्या गल्लीत शिरायची. गल्ली इतकी चिंचोळी, की दारातल्या बायका पाय आखडून घ्यायच्या. तो विहिरीवर नखांतली चिकणमाती घासून काढायचा, आत येऊन खुंटीवरचा बाटिकचा शर्ट चढवायचा आणि आईच्या पाया पडायचा. मग मशिदीची बांग व्हायची, पाठोपाठ पाहुणे यायचे आणि दोन तास तो घरचा कर्ता पुरुष व्हायचा. आठ वाजले की शर्ट खुंटीवर आणि स्वारी कासोंगानला. तिथे त्याची दुसरी बायको होती आणि तिच्या भावाचा कुंभारवाडा होता.

हे जेवणाचं प्रकरण सुरू झालं तेव्हा तुगिमान याच घरात राहत होता. स्टेशनसमोरच्या गल्ल्यांतून स्वस्तातल्या खोल्या धरून राहणारे परदेशी लोक असतात, त्यांना बोंदान नावाचा एक गडी जोग्जा शहर पायी फिरवायचा. बाजार, पाखरांची दुकानं, नदीकाठची वस्ती असं दाखवत शेवटी एखाद्या खऱ्याखुऱ्या घरात, चटईवर बसून, घरच्या माणसांबरोबर जेवण. त्यासाठी त्याने वुरियानीचं घर निवडलं. तिने लग्नाआधी आणि नंतरही बारा वर्षं एका लॉजमध्ये चादरी बदलल्या होत्या, नाश्ते केले होते. त्यातून इंग्रजी जिभेवर बसलं होतं. हाताला चवही होती. कोवळ्या फणसाची नारळाच्या दुधात रटरटवलेली तिची गोडसर भाजी खाऊन पाहुणे बोटं चाटायचे. पण पंगत रंगायची ती तुगिमानमुळे. चार तारांचं छोटं वाद्य छातीशी धरून तो जुनी गाणी म्हणायचा, भुवया नाचवायचा, म्हाताऱ्या पाहुणीला ‘राणीसाहेब’ म्हणायचा. इंग्रजी त्याला अजिबात येत नसे. तो आपल्या जावानीज भाषेत बोलायचा आणि वुरियानी शेजारी बसून सगळं इंग्रजीत सांगायची.

मग दोन वर्षांपूर्वी त्याने कासोंगानमध्ये गुपचूप निकाह लावला आणि कपड्यांची पिशवी घेऊन निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, “पंगतीला येत जाईन. बोंदानला शब्द दिलाय.”

बायकोला दिलेल्या शब्दाचं काय, हे विचारायचं तिच्या तोंडाशी आलं होतं. पण सासू समोर बसलेली होती.

सासूचं नाव पाइरा. घर तिच्या नावावर. गुडघे गेलेले, त्यामुळे दिवसभर खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत. वुरियानीचं माहेर गुनुंगकिदुलच्या डोंगरात होतं. तिथे भावाच्या घरात भावजयीचं राज्य. मुलगी किनासी सतरा वर्षांची. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि तिची फी याच पंगतीतून निघणार होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा सगळा मामला. वुरियानीने पंगत चालू ठेवली.

सगळ्यांत वाईट काही असेल तर ते भाषांतर. घरात नसलेला नवरा खोटं बोलायचा आणि ते खोटं तिला आपल्या तोंडाने दुसऱ्या भाषेत सांगावं लागायचं. “ही माझी बायको. हिच्या हातचं खाल्ल्याशिवाय मला झोप येत नाही.” ती सांगायची. “सकाळी पहिला चहा मी करतो हिच्यासाठी.” तेही सांगायची. पाहुण्या बायका ‘किती गोड’ म्हणून तिच्याकडे बघायच्या आणि तिला हसावं लागायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एका शनिवारी सकाळी भाजीवाल्या सुमिलाहने कोबी निवडता निवडता हळूच सांगितलं, “वुरियानी, दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. कासोंगानवालीला पाचवा महिना आहे.”

“बरं,” वुरियानी म्हणाली. “कोबी कोवळा दे.”

त्या संध्याकाळी आठ पाहुणे होते. त्यांत एक डच जोडपं, नुकतंच लग्न झालेलं. वर्षभर जग फिरायला निघालेलं, पायात झिजलेल्या चपला, दोघं मिळून एकाच बाटलीतून पाणी पिणारं. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा त्या मुलीने विचारलं, “वीस वर्षं संसार टिकवायचं गुपित काय?”

वुरियानीने प्रश्न जावानीजमध्ये सांगितला. तुगिमानने तारा छेडल्या, डोळे मिटले. “सांग त्यांना. वीस वर्षांत एक रात्रसुद्धा आम्ही वेगळे झोपलो नाही.”

वुरियानीच्या हातात सांबलची, लाल मिरच्यांच्या चटणीची, वाटी होती. ती तिने खाली ठेवली.

“तो म्हणतो, वीस वर्षांत एक रात्रसुद्धा आम्ही वेगळे झोपलो नाही,” ती इंग्रजीत म्हणाली. “पण तो खोटं बोलतो. त्याची कासोंगानला दुसरी बायको आहे. तिला पाचवा महिना आहे. हा इथे फक्त जेवायला येतो. आठ वाजता जाईल.”

पाहुण्यांनी तुगिमानकडे पाहिलं. त्याला वाटलं, आपलं वाक्य पोचलं. त्याने तोंडभर हसून मान डोलावली आणि दोन्ही अंगठे वर केले.

सगळी पंगत खो खो हसत सुटली. डच पोरगा तर खोकायलाच लागला. त्याच्या बायकोने वुरियानीच्या खांद्यावर थोपटलं, “तुम्ही फार विनोदी आहात हो!”

किनासी भात वाढत होती. शाळेत शिकलेलं इंग्रजी तिला कळत होतं. ती उठून आत गेली. वुरियानी स्वयंपाकघरात गेली तेव्हा पोरगी चुलीकडे तोंड करून उभी होती.

“आई, काय बोललीस तू हे?”

“खरं तेच बोलले.”

“ते हसले, आई.”

“हो ना,” वुरियानी म्हणाली. “हसले खरे.”

दुसऱ्या दिवशी बोंदान उड्या मारत आला. “काकू, कमाल केलीत! कालच्या लोकांनी इंटरनेटवर काय काय लिहिलंय! बाईंची जीभ सांबलपेक्षा तिखट, म्हणे. हे रोज करायचं बरं का.”

“ती गंमत नव्हती, बोंदान.”

तो टोपी काढून हातात फिरवत राहिला. “माहीत आहे, काकू. गल्लीत कोणाला माहीत नाही?” मग खाली बघूनच म्हणाला, “पण आता येणारे लोक त्यासाठी येणार.”

तेव्हा तिने ठरवलं, पुरे. पंगत बंद. शिवण घेऊ, डबे देऊ, काहीही करू. दुपारी ती सासूच्या खुर्चीपाशी बसली, तिच्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता म्हणाली, “आई, मला हे जेवण बंद करायचंय.”

पाइराने मान खिडकीकडे वळवली. “मी आंधळी नाही गं,” ती म्हणाली. “त्याने तुझं काय केलं ते मला दिसतं. जन्म मी दिलाय, लाजही मलाच वाटते.” तिने वुरियानीचं मनगट धरलं. म्हातारीची पकड भारी होती. “पण पंगत बंद झाली तर तो इथे कशाला येईल? माझ्यासाठी? चार संध्याकाळी पाया पडतो, तेवढाच माझा मुलगा. मी गेल्यावर काय ते कर. घरही तुझं.”

वुरियानीने तिचा दुसरा गुडघा पुढे घेतला.

पंगत चालू राहिली. तो प्रश्न पाहुणे आता येताना ठरवूनच यायचे. कोणीतरी विचारायचं, तुगिमान तेच उत्तर द्यायचा, वुरियानी खरं सांगायची, तो अंगठे वर करायचा, सगळे हसायचे. पहिल्यांदा बोलताना तिने हातातली वाटी खाली ठेवली होती. महिन्याभरात ते वाक्य टेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, वड्या तळण्यासारखं होऊन बसलं. तेल तापलं, वडी सोडली, उलटवली, काढली. मनातली एकच खरी गोष्ट तिने बाहेर काढली होती, तीही या लोकांनी चटईवर वाढून घेतली. किनासी पंगतीत बसेनाशी झाली. त्या वेळी ती मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची आणि आल्यावर आईच्या नजरेला नजर देत नसे.

तुगिमानला कळलं ते चार महिन्यांनी. कुंभारवाड्यावर मडकी घ्यायला आलेल्या कोणी पाहुण्यांनी त्याला ओळखलं, हसले, त्याच्या गर्भार बायकोकडे बोट दाखवून आणखी हसले. तिच्या भावाला इंग्रजी येत होतं.

त्या रविवारी तो दुपारी तीनलाच आला. हात न धुता थेट स्वयंपाकघरात.

“लोकांसमोर माझी अब्रू काढतेस?”

वुरियानी नारळ खवत होती. “तू बोलतोस ते मी सांगते. राहिलेलंही सांगते.”

“चार महिने! आणि मी बैलासारखा मान हलवतोय!”

“छान हलवतोस. लोकांना आवडतं.”

“लाज नाही वाटत तुला?”

आता ती थांबली. “वाटते ना. रोज वाटते. तुला वाटत असेल तर येऊ नकोस. तो शर्ट घेऊन जा. मी तुला बोलावलंय का कधी?”

त्याने शर्ट खुंटीवरून ओढला, दाराशी गेला. बाहेरच्या खोलीतून पाइराचा आवाज आला, “तुगी? आज लवकर आलास रे बाळा? बस इथे जरा.”

तो दारात उभा राहिला. मग वळून आईजवळ गेला आणि जमिनीवर बसला. म्हातारी त्याच्या केसांतली माती बोटांनी झटकत राहिली. तास गेला, दोन गेले. वुरियानी आतून बघत होती. निघून जाईल, निघून जाईल, असं तिला वाटत होतं. तो गेला असता तर सगळंच सुटलं असतं. तो काही गेला नाही. बांग झाली. गल्लीच्या तोंडाशी बोंदानचा आवाज आला, “डोकं सांभाळा, दार बुटकं आहे!” तुगिमान उठला, विहिरीवर नखं धुऊन आला आणि शर्टाची बटणं लावू लागला. वुरियानीने चटया अंथरल्या.

जेवताना त्या दिवशी त्याने गाणं म्हटलं नाही. एका थोराड कोरियन बाईंनी हौसेने तो प्रश्न विचारला. वुरियानीने सांगितला. तुगिमान भात कालवत राहिला. बोंदानने खाकरून इशारा केला.

“सांग त्यांना,” तुगिमान शेवटी म्हणाला. आवाज खाली गेलेला. “माझी बायको सांगते ते खरं आहे, म्हणावं.”

वुरियानीने त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा पंगतीत तो तिच्याकडे बघून बोलला होता.

“तो म्हणतो,” ती इंग्रजीत म्हणाली, “बायको सांगते ते खरं आहे. कासोंगानला त्याची दुसरी बायको आहे. नववा महिना आहे.”

पंगत हसली. कोरियन बाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. तुगिमानने डावीउजवीकडे पाहिलं, तोंड उघडलं, पण इंग्रजीत म्हणणार काय? त्याने वुरियानीचा हात धरला. “हसतायत का हे? नीट सांग ना त्यांना!”

“नीटच सांगितलं,” ती म्हणाली. “चार महिने नीटच सांगतेय.”

हात सोडवून तिने भाताचं भांडं उचललं आणि कोणाला वाढू का, विचारत पुढे सरकली. आठ वाजता मोटारसायकल गेली. पाइराने आतून विचारलं, “जेवला ना गं पोटभर?”

“जेवला, आई,” वुरियानी म्हणाली आणि मंगळवारसाठी फणस आणायला कोणाला सांगावं, याचा विचार करत चटया झटकायला बाहेर गेली.