मोहाखालचा टायगिर

आमच्या गावात एकाच इंग्रजी शब्दाचे चार अवतार आहेत. फॉरेस्टचे साहेब ‘टायगर’ म्हणतात. सफारीच्या गेटवरची गाइड पोरं पर्यटकांच्या नादानं ‘टायगाऽ’ करतात. माझे दीर ‘टैगर’ म्हणतात, हिंदी पिक्चरमधल्या हिरोसारखं. आणि माझ्या सासूबाईंचा ‘टायगिर’.

मी चिमूरची, दहावीला इंग्रजीत बरे मार्क पडलेली. मला कुठलं गप्प बसवतंय? लग्न होऊन आल्या आल्या त्यांना सुधारायला घेतलं. “आई, टाय-गर म्हणा.”

“गर म्हण का गिर म्हण, त्याले काय फरक पडते?”

मोहफुलं वेचायला गेल्यावर जंगलात वाघाचं नाव घ्यायचं नाही, ही इथली रीत. नाव घेतलं की तो येतो. पूर्वीच्या बाया नुसतं ‘तो’ म्हणायच्या. फॉरेस्टवाल्यांचा नवा शब्द कानावर पडला आणि सासूबाईंनी तो उचलला. “त्याले इंग्रजी थोडीच येते!” मी म्हणायचे, सफारीच्या एवढ्या जिप्सी गाड्या बघून एव्हाना शिकला असेल. मग त्या खवळायच्या. पण पुढे पान हललं तरी टायगिर, माकड खाकरलं तरी टायगिर. मी मान वर करणंच सोडून दिलं.

त्या सकाळी एका मोहाखाली आम्ही दोघीच होतो. मी वाकून वेचत होते. सासूबाई ओरडल्या, “वाघ! वाघ वो पोरी, इकडे ये!”

तो शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलाच नव्हता. टोपली टाकून त्यांच्याकडे धावले. वळून पाहिलं, तर मी वाकले होते तिथल्याच झुडपामागून पिवळी पाठ नाल्याकडे सरकत होती. एकमेकींचा हात धरून, आरडाओरडा करत आम्ही गाव गाठलं.

मला वाटलं, सुटलो. पण सासूबाईंनी दिवसभर घास घेतला नाही. आपण नाव घेतलं, आता तो गावात येणार, कुणाचं तरी बरंवाईट होणार, ही एकच भीती. संध्याकाळी नारळ घेऊन त्या शिवेवरच्या वाघदेवापुढे बसल्या. त्या दिवशी थट्टा करायची माझी हिंमत झाली नाही, शेजारी जाऊन बसले.

“नाव घेतलं मी, चुकलं,” त्या शेंदरी दगडाला सांगू लागल्या. “पण माही लेक होती तुह्यासमोर. मंग काय करू?”

मला एकदम रडू फुटलं. सासूबाईंना दोन मुलगेच आहेत.