उंदराशिवाय बसलेला गणपती
हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांतल्या ओल्या रंगाचा वास आला की आमची कुत्री आठवते. एका वर्षी मूर्तीसोबतचा सुटा मातीचा उंदीर तिने पळवला आणि कुशीत घेऊन चाटत बसली. एरवी माझ्या पायाशी झोपणारी ती, मी जवळ गेलो की गुरगुरायची. डॉक्टर म्हणाले, "पोटात पिल्लं नाहीत. माजानंतर हार्मोन्समुळे तिला तो उंदीरच आपलं पिल्लू वाटतोय. होईल कमी." गणपती उंदराशिवाय बसला. बायको म्हणाली, "अहो, मातीच्या उंदरावर जळताय व्हय?" "नाय गो," म्हणालो, पण मोदक काही गोड लागले नाहीत. विसर्जनानंतर एका दुपारी ती उंदीर टाकून आपणहून माझ्या पायाशी येऊन झोपली. आज ती नाही. उंदीर मात्र फळीवर आहे. बायको पुसून त्याचं तोंड आमच्याकडे करते, मी पुन्हा भिंतीकडे फिरवतो.