संभा आणि दोन टक्के

आमच्या विश्रामबागच्या लॅबमधून पेपर किती निघाले ते विचारू नका, किस्से मात्र पोत्यानं निघाले! त्यातले निम्मे एकट्या संभाचे. वडूजचा हा गडी सहा वर्षं पीएचडी करत होता, आणि दर रविवारी आईचा एकच फोन, "डॉक्टर कवा होणार रं?"

*

काम ऐकायला सोपं. पांढरी पावडर बनवायची, तिच्यात एर्बियम नावाचं मूलद्रव्य किंचित घालायचं. मग डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड लेसर मारला की पावडर हिरवीगार चमकते. एर्बियम फक्त दोन टक्के. पण संभाचा हात सढळ! "दोन टक्क्यानं काय हुतंय? दहा टाकू, लय उजेड पडंल!"

टाकलं. पावडर मिणमिणायला लागली. आमच्या गाइड मॅडम कडाडल्या, "अरे, ही काय मिसळीवरची तर्री आहे का?"

*

मग मॅडमनी बाटलीवर चिठ्ठीच चिकटवली, 'संभा, दोनच!' त्यानं इमानदारीत दोन टक्के घातलं. चहा पिऊन आला, घातलं की नाही आठवेना, म्हणून पुन्हा दोन घातलं. मी म्हटलं, "गधड्या, वहीत लिहायचं ना!"

"लिवलंय की! दोनदा लिवलंय!"

*

एकदा नमुना चमकेचना. संभानं फळ्यावर झकास थिअरी मांडली. एर्बियमचे आयन दाटीवाटीनं बसले की मिळालेली एनर्जी आपापसातच फिरवत बसतात, बाहेर उजेड येतच नाही. मॅडम भलत्याच खूश! तेवढ्यात मी विचारलं, "लेसर चालू करायची किल्ली कुठाय?"

संभाच्या खिशात होती.

*

शेवटी व्हायवाचा दिवस उजाडला. मॅडमनी बजावलं होतं, "हॉल लहान आहे, घरून दोनच माणसं आण." संभानं चौदा आणली! आई आणि जीपभर मामा, काका, आत्या खुर्चीला खुर्ची लावून बसले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एर्बियम वाढवलं तर उजेड कमी का होतो?"

संभाच्या डोक्यातून फळ्यावरची थिअरी साफ उडाली! सहा वर्षं पाण्यात जाणार असं मला वाटलं. आणि मागं कुजबुज सुरू. "काय इचारलं रं?" "मला काय ठावं, आत्याला इचार." "मामाला ऐकू आलं असंल बग."

संभानं वैतागून मागं बघितलं, आणि गड्याचा चेहराच खुलला.

"सर, हे माझे चौदा टक्के! तुम्ही प्रश्न टाकला, तो हे आपापसातच फिरवतायत. तुमच्यापर्यंत काही परत आलं का?"

"नाही बुवा."

"थांबा, दोनच ठेवतो."

बारा जणांना त्यानं बाहेर काढलं. उरले आई आणि मामा. आपापसातली कुजबुज बंद!

सकाळपासून जिला कुणी बोलूच दिलं नव्हतं, ती आई पदर सावरत उठली. "आवं सायेब, माझ्या पोराला डॉक्टर कवा करताय?"

परीक्षकांनी खिशातलं पेन काढलं. "पडला उजेड! मॅडम, सही कुठं करायची?"