झाकलेला शब्द

चैत्र लागला की आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीतला कडुनिंब मोहरतो, आणि उन्हं कलायला लागली की त्याचा तो कडसर-गोड, किंचित धुळकट वास खिडक्यांच्या जाळीतून घराघरांत शिरतो. पाण्याचा टँकर यायचीही हीच वेळ. हंडे-कळशा रांगेला लागलेल्या असतात, निळे ड्रम उन्हाने तापलेले असतात, मोठी माणसं भिंतीची सावली धरून उभी असतात आणि मुलं झाडाखाली सांडलेल्या पांढुरक्या मोहरात पाय घासत खेळत असतात. अशाच एका दुपारी, सुट्टी होती म्हणून, मी खिडकीशी गहू निवडत बसले होते. खेळता खेळता मुलांचं कशावरून तरी बिनसलं, आणि दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून समोरच्या मुलाला म्हणाली, "तू टूंऽऽ! त्या टूंबाईसारखा टूंऽऽ!" आणि तिने समोरच्या बंद दाराकडे बोट केलं. सगळी पोरं खिदळली. माझा गव्हातला हात तसाच थांबला, कारण तो आवाज मी चांगला ओळखत होते. त्या दाराशी तो मीच नेऊन ठेवला होता.

शहरातल्या एका लहानशा वृत्तवाहिनीत मी संकलनाचं काम करते. कुणी काही बोललेलं असतं, ते मी कापते, जोडते, आवाज कमी-जास्त करते, आणि बोलण्यात शिवी आली तर तिच्यावर तो 'टूं' असा सपाट, निर्विकार स्वर ठेवते. या एका स्वराच्या जागा बदलताना पाहता पाहता माझ्या केसांत पांढरं आलं. मी नवी होते तेव्हा शिवी आलेलं वाक्यच आम्ही काढून टाकत असू. तिथे काही होतं याची प्रेक्षकाला गंधवार्ताही नसे. मग वाक्य राहू लागलं आणि शब्दच तेवढा झाकला जाऊ लागला. पुढे आमचे संपादक, ज्यांना आम्ही सारे नुसतं 'सर' म्हणतो, ते म्हणू लागले की झाका, पण इतकं झाकू नका की लोकांना कळणारच नाही. पदर घ्यायचा, पण थोडा ढळलेला, असं ते माझ्यासमोर सहज म्हणाले होते, आणि मला ते खटकलं असं काही मी खात्रीने सांगू शकत नाही. आता तर मोबाइलवरच्या कितीतरी कार्यक्रमांत काहीच झाकत नाहीत, आणि विधिमंडळापासून विनोदी मैफलीपर्यंत माणसं जे बोलतात ते ऐकून टाळ्यांचा आवाज कमी करावा की शब्दांचा, हे मला उमगेनासं झालं आहे. आमच्या कार्यालयात पाण्याच्या कूलरवर 'सभ्य भाषेचा वापर करावा' अशी पाटी लागली आहे, आणि तिच्याच खाली उभी राहून नवी मुलंमुली पाणी पिता पिता स्वल्पविराम द्यावा तशा शिव्या देतात.

मी सोवळी नाही. शिव्या आमच्या घराला परक्या नव्हत्या. माझी आई फुलंब्रीकडच्या खेड्यातली. तिच्या तोंडात 'मुडद्या', 'मेल्या', 'तुझं मडं बशिवलं' हे शब्द सकाळच्या चहाबरोबर सुरू होत आणि रात्री पांघरूण घालतानाही त्यांतलाच एखादा ती कानाशी पुटपुटे. त्या शब्दांना शेणामातीचा, चुलीच्या धुराचा वास होता, आणि ज्याला ते म्हटले जात त्याला आपण या घरचे आहोत एवढंच त्यातून कळे. वडिलांचं गुलमंडीत कापडाचं दुकान. गिऱ्हाईक मराठीत आलं तर मराठी, उर्दूत आलं तर उर्दू, आणि कुणी फारच उर्मटपणा केला तर ते कापड मोजायचा गज खाली ठेवून, मान किंचित झुकवून म्हणत, "जशी हुजुरांची मर्जी." त्यांच्या रागाची ही परमावधी होती. ते ऐकल्यावर माणूस वरमून जायचा. आईचं सगळं उघडं, वडिलांचं सगळं अदबीत गुंडाळलेलं, आणि दोघांच्याही बोलण्यात समोरच्या माणसाला उभं राहायला जागा असे. त्या दोघांच्या पोटी जन्मून मी हा उद्योग केला, याची लाज मला इतकी वाटते की हे लिहितानाही मान वर होत नाही.

ते बंद दार कमलताईंचं. पन्नाशीच्या, अंगाने काटक, उन्हात रापलेल्या; माहेर-सासर दोन्ही शेतकऱ्यांचं, नवरा वाळूजच्या एका कंपनीत पाळीवर जाणारा. त्या राजकारणातल्या नव्हेत. पण गल्लीत टँकर वेळेवर येईना, आला तर निम्म्या घरांना पाणी पुरेना, तेव्हा बायांना गोळा करून त्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जाऊन बसल्या, आणि तेव्हापासून टँकर आला की रांगेच्या तोंडाशी, पदर कमरेला खोचून, आधी म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या घागरी लावणाऱ्या कमलताईच असायच्या. त्यांचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येई आणि तो ऐकला की पाणी आलं असं आम्ही समजत असू.

निवडणुकीचे दिवस होते. आमच्या भागातले एक वयस्कर पुढारी, बोलताना 'माताभगिनींनो' म्हणून हात जोडणारे, जुन्या वळणाचे, चौकात कोपरासभा घेत होते. पाण्यावरून कुणीतरी कमलताईंचं नाव काढलं. ते म्हणाले, "कमलबाईंचं काय घेऊन बसलात? ती भाबडी बाई आहे हो. तिला पुढं करून दुसरेच आपली पोळी भाजून घेतात." एवढंच. आमचा कॅमेरामन इम्रान, त्याने ते चित्रित करून आणलं. सरांनी ते पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. यात बघण्यासारखं काय आहे, असं ते म्हणाले, आणि खरंच त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. मग खुर्चीत मागे रेलून, गंमत सुचल्यासारखे ते म्हणाले, "अर्चना, त्या 'भाबडी'वर टूं टाक."

मी हसले. हे मला नीट आठवतं, कारण ते हसू अजून माझ्या कानांत आहे. क्लृप्ती मला आवडली होती. आणि सांगितलं तेवढंच करून मी थांबले नाही. शब्द होता त्याहून तो स्वर मी थोडा लांबवला, म्हणजे आत काहीतरी मोठं असावं असं वाटेल. आणि ओठ वाचून कुणाला खरा शब्द कळू नये म्हणून पुढाऱ्यांच्या तोंडावर एक धूसर ठिपकाही ठेवला. "ती टूंऽऽ बाई आहे हो." इतकं बेमालूम जमलं होतं की सरांनी पाठीवर थाप मारली. हल्ली साध्या शब्दाकडे कुणी वळून पाहत नाही. त्याला लाज वाटण्यासारखं काहीतरी केलं की मग त्याच्याकडे पाहतात. त्या संध्याकाळी मी घरी येताना वाटेत मोगऱ्याचा गजराही घेतला होता.

ती चित्रफीत वाऱ्यासारखी पसरली. भाजीच्या गाड्यावर, पानटपरीवर, लग्नाच्या पंगतीत माणसं ती एकमेकांना दाखवत होती, आणि प्रत्येक जण त्या टूंखाली आपापल्या मनातला शब्द घालत होता. सभेला प्रत्यक्ष हजर असलेली माणसंसुद्धा शपथेवर सांगू लागली की आम्ही या कानांनी ऐकलं, फार घाण बोलला. पुढारी आधी गोंधळले असावेत. पण सभांना गर्दी वाढली, शिट्ट्या वाजू लागल्या, तरुण कार्यकर्ते 'साहेब, तसलं काहीतरी होऊ द्या' असं आर्जवू लागले. मग एका सभेत त्यांनी हात जोडण्याऐवजी बाह्या सावरल्या आणि एका विरोधकाला खरोखरची, आईवरून शिवी दिली. सर म्हणाले, ही तशीच जाऊ दे, लोकांना आता सवय झाली आहे. मी ती तशीच जाऊ दिली.

त्या दिवसांत कमलताई दिसेनाशा झाल्या होत्या. कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या नवऱ्यासमोर कुणीतरी ती चित्रफीत मुद्दाम मोठ्याने लावली. त्याने घरी येऊन जेवणाचं ताट सरकवलं आणि यापुढे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही असं बजावलं, असं शेजारणीकडून कळलं. टँकर येई, ढकलाढकली होई, म्हाताऱ्यांच्या घागरी मागे राहत. त्यांचं दार बंदच. आणि मी, जिच्यापाशी या सगळ्याचं उत्तर होतं, ती खिडकीचा पडदा ओढून घेई. गल्लीतल्या त्या चिमुरडीने बोट दाखवलं नसतं तर किती दिवस ओढून घेत राहिले असते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. म्हटलं, मूळ बोलणं दाखवू या, निदान एक ओळ खुलासा देऊ या. ते चिडले नाहीत, हसलेच. "कुणीतरी कुणाला तरी भाबडी म्हणालं, ही काय बातमी झाली? आणि मूळ आहे कुठं?" ते नव्हतंच. जागा अडते म्हणून जुनं चित्रण आम्ही पुसत असतो, आणि हेही असंच पुसलं गेलं होतं. मी इम्रानला गाठलं. सभेत उभं राहून तो शब्द जवळून ऐकलेला आमच्यातला तो एकटा. कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावता लावता तो म्हणाला, "मॅडम, सच बोलूं? मेरेकू तो अब गालीच याद आ री." त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. जिना उतरताना मला वाटलं की आता त्या बिचाऱ्या शब्दाच्या बाजूने साक्ष द्यायला या जगात फक्त मीच उरले आहे.

त्या दुपारी मी लवकर घरी आले, आणि टँकर आला तेव्हा माझी कळशी बाजूला ठेवून कमलताईंचा हंडा लावला. त्यांच्या दाराबाहेर तो पालथा पडलेला होता, तळाशी निंबाचा मोहर साचलेला. भरून दाराशी नेला आणि कडी वाजवली. दार उघडायला वेळ लागला. आत काळोख होता, मेथी निवडून ठेवली होती तिचा हिरवा वास येत होता. कमलताई वाळल्या होत्या. त्यांनी हंडा आत घेतला, मला बसायला पाट दिला, आणि बराच वेळ मेथीच्या काड्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "अर्चना, तू तिथंच कामाला हाईस. तुला ठाव असल. काय म्हणला गं त्यो मला? मी लई इचार केला, पर कोन्ता शबुद आसंल ते कळंना."

"भाबडी," मी म्हणाले. "भाबडी म्हणाले ते, ताई. एवढंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आजारी माणसाला आपलं माणूस 'काही नाही झालं तुला' असं सांगतं, तेव्हा तो जसा पाहतो तसं त्या पाहत होत्या. मग किंचित हसल्या. "भाबडी म्हणल्यावर कुनी झाकतं व्हय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. तो टूं मीच टाकला, याच हातांनी टाकला, खाली झाकण्यासारखं काहीच नव्हतं, लोकांनी बघावं म्हणून टाकला. मला वाटलं त्या मला हाकलून देतील; माझ्या आईची एखादी सणसणीत शिवी तरी हासडतील, आणि तशी त्यांनी दिली असती तर मी ती डोक्यावर घेऊन सुखाने घरी गेले असते. पण त्यांनी हंड्याच्या पाण्याने ओला झालेला माझा हात आपल्या हातात घेतला.

"म्हंजी तू झाकलंस," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला वाटलं कुन्या परक्या गड्यानं आयकलं आसंल समदं. तू व्हतीस व्हय तिथं! लाज राखलीस बाई माझी."

"तसं नाही, ताई, ऐका तरी..."

"नगं. तुझ्या तोंडानं नगं आता. मला बरं वाटावं म्हनून बोलतीस, ते काय कळत नाय व्हय मला?" आणि त्यांनी निवडलेल्या मेथीतली निम्मी माझ्या ओटीत घातली.

आयुष्यभर शब्दांची कापाकापी करून पोट भरलं, आणि एक खरा शब्द एका बाईच्या पदरात टाकायची वेळ आली तेव्हा माझ्या जिभेवर कुणाचा विश्वास उरला नव्हता. त्यांचा होता, तोही भलत्याच गोष्टीवर.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा कमलताई बाहेर आल्या. कुणीतरी त्यांना पुढे जागा करून दिली, पण त्या पुढे गेल्या नाहीत. नेहमी कमरेला खोचलेला पदर त्यांनी डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढून घेतला होता, आणि त्या रांगेच्या अगदी शेवटी, भिंतीला लागून, हंडा पायाशी ठेवून मुकाट उभ्या राहिल्या. वरून मोहर गळत होता. मी कामावर गेले नव्हते, खिडकीत होते. पदराची कड दोन बोटांनी जराशी उचलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं, उपकार मानल्यासारखं हसल्या, आणि पदर पुन्हा खाली घेतला.