खासनीसांनी पास केलेला केक

मूळच्या पुण्याच्या मधुकरराव खासनीसांनी छत्तीस वर्षे सरकारी कारखान्यात एकच काम केले: दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूत खोट काढणे. इन्स्पेक्शन विभागात त्यांच्या टेबलावर अडकलेला भाग कुणाच्या वशिल्याने सुटत नसे. निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली, पण सवय काही निवृत्त झाली नाही. बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या त्यांच्या घरी दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या नजरेखालून जावे लागे. सून यशश्री म्हणायची, "बाबांना देव प्रसन्न झाला तर ते आधी त्याचं ओळखपत्र मागतील."

याच स्वभावाने त्यांच्या पत्नीला, प्रमोदिनीबाईंना, जगवले, हेही तितकेच खरे. चार वर्षांपूर्वी बाई नुसत्या खंगत चालल्या होत्या. पाच डॉक्टर झाले आणि शेवटी निदान झाले ते गव्हाच्या वावड्याचे. साधेसुधे वावडे नव्हे. चिमूटभर कणीक पोटात गेली तरी आठ दिवस अंथरूण. मधुकररावांनी घरातून गहू, मैदा, रवा, शेवया सगळे हद्दपार केले. पोळपाट, चाळण्या, कुकर, डबे नवे आणले. बाजारच्या हिंगात गव्हाचे पीठ असते हा शोध लागला, तेव्हा तर ते आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटले होते.

घर सांभाळले, पण घराबाहेरच्या जगाचे काय करणार? अजितच्या, म्हणजे भाच्याच्या, मुलाच्या मुंजीत "मामी, हे नुसतं तांदळाचं आहे" या खात्रीवर बाईंनी चार घास खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी सलाईन लावावे लागले. तेव्हापासून त्यांनी लोकांकडे जेवणे सोडले, मग हळूहळू जाणेच सोडले. पंगतीत चवीने जेवणारी, आचाऱ्याला हाक मारून शाबासकी देणारी बाई ती. आता कुणी विचारले की म्हणायच्या, "मला हल्ली गोड नकोसंच वाटतं." एकोणपन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी केलेले हे एकमेव धादांत खोटे विधान होते. मधुकररावांना ते ऐकवत नसे.

म्हणून बायकोची सत्तरी आली तेव्हा त्यांनी ठरवले की केक आणायचा. सगळ्यांसमोर हिने कापायचा आणि हिनेच पहिल्यांदा खायचा. आणि दुसऱ्या दिवशी हिला काहीही व्हायचे नाही. पुन्हा एकदा सलाईन लागले, तर ही बाई जन्मात कुणाच्या हातचे खाणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

सर्जापूर रोडला राहणारा मुलगा मुकुल म्हणाला, "बाबा, सिंपल आहे. ऑनलाइन मागवतो." नमुना म्हणून मागवलेला केक आला, दिसायला झकास. मधुकररावांनी भिंग घेऊन खोका वाचला. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते, की हा केक गहू हाताळतात त्याच ठिकाणी बनवला आहे. केक नापास झाला. मुकुलने आणि यशश्रीने तो गुपचूप खाल्ला.

मग म्हातारा स्वतः निघाला. शहराबाहेर बोम्मसंद्र्याच्या एका बिस्किटांच्या कारखान्यापर्यंत जाऊन आला. ओव्हन वेगळा आहे का? चाळणी वेगळी? साच्यांना मैदा भुरभुरता का? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, "अंकल, एगलेस है." जणू जगातली सगळी दुखणी अंड्यात असतात! एका भल्या माणसाने तर धीर दिला, "मैदा स्वल्पच घालतो, सर. कळणारसुद्धा नाही." अकरा बेकऱ्या झाल्या. वाढदिवस चार दिवसांवर आला.

बारावी बेकरी घराच्या मागच्याच अंगाला, एका गल्लीत होती. खारी, टोस्ट, बन आणि नारळाचे सारण भरलेले दिलपसंद, एवढाच तिचा संसार. गल्ल्यावरच्या साठीच्या बाई फोनवर कुणाला तरी झापत होत्या, आणि चक्क मराठीत. त्या सोयराबाई. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात बेंगळुरूला आले ते इथलेच झाले.

"मराठी का हो तुम्ही?" मधुकरराव हरखून म्हणाले.

"मग? तुमच्याआधी चारशे वर्षं आलोय आम्ही. काय देऊ, अण्णा?"

त्यांनी गव्हातले ग्लूटेन समजावायला सुरुवात केली. बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटेना. थकून मधुकररावांनी आपल्या घरचा शब्द काढला. "उपासाला चालेल असा केक हवाय हो. राजगिरा, वरई, शिंगाडा. असला."

"अय्यो, उपासाचा म्हणा की! सरी, चालतंय. सोमवारी बेकरी बंद असती. वरच्या घरात करून ठेवते. मंगळवारी या."

आणि काय सांगावे, मधुकररावांनी पुढे एक प्रश्न विचारला नाही. मराठी कानावर पडली, उपास हा शब्द समोरच्याला कळला, आणि छत्तीस वर्षांचा इन्स्पेक्टर लोण्यासारखा वितळला. शीळ घालत घरी गेला.

मंगळवारी, वाढदिवसाच्या दिवशी, सकाळी अकराला ते केक न्यायला गेले. केक देखणा होता, वर बदामांची नक्षी. सोयराबाई कौतुकाने म्हणाल्या, "मऊ कसा झालाय बघा. स्वल्प बारीक रवा घातला."

मधुकरराव समोरच्या स्टुलावर बसले. "रवा? उपासाला?"

"त्यात काय? आमच्यात शनिवारच्या उपासाला उप्पीट करतात की. भात तेवढा खायचा नाही."

आपला उपास म्हणजे जगाचा उपास, असे धरून चालणारे ते पहिलेच पुणेकर नव्हेत. पण त्यापायी एवढी जबर किंमत मोजायची वेळ दुसऱ्या कुणावर आली नसेल. चूक बाईंची नव्हती. विचारायचे होते ते त्यांनीच विचारले नव्हते. त्यांनी मग सगळे सांगितले: मुंज, सलाईन, चार वर्षांचे घरात बसणे. संध्याकाळी सहाला माणसे यायची होती.

सोयराबाईंनी तो केक बाजूला सारला. मग म्हणाल्या, "इथं तर हवेत मैदा. माझ्या केसांतसुद्धा असंल. गहू नसलेली चूल कुणाच्या घरी आहे?"

"आमच्या."

"मग पत्ता द्या. डोक्यावरून आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून, मडीनं येते. इथलं एक भांडं आणत नाही."

मडी म्हणजे सोवळे. उभ्या आयुष्यात सोवळ्याची टिंगल करणारे मधुकरराव हात जोडून म्हणाले, "या. सोवळ्यातच या."

तासाभरात ओल्या केसांच्या सोयराबाई दारात उभ्या राहिल्या. प्रमोदिनीबाईंना तोवर सगळा कबुलीजबाब मिळाला होता आणि त्या धुमसत होत्या. "मला नकोय केक. कुणी सांगितला होता हा उपद्व्याप?"

"अक्का," सोयराबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं बेकरी चालवते. माझ्या हातचं खाऊन कुणी आजारी पडलं नाही. आज पडलं असतं. मला एक केक करू द्या. तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि डोळ्यांनी बघा."

प्रमोदिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, पदर खोचला आणि राजगिऱ्याचा डबा काढून दिला.

कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिट्टी काढून, स्टीलच्या डब्यात पहिला केक भाजला. राजगिरा, वरई, दही, गूळ, तूप, सोडा. पुड्या हातात पडायच्या आधी मधुकरराव त्यांच्यावरचे प्रत्येक अक्षर भिंगाखाली घालत होते. अडीच वाजता केक उपडा केला आणि त्याचा भुगा झाला.

"गव्हाचा चिकटा नाही ना," सोयराबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "धरून काय ठेवणार त्याला?"

"साबुदाणा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "शिजवून त्याची खळ करायची. माझं थालीपीठ त्याच्याशिवाय उलथत नाही."

चाळीस वर्षे बेकरी चालवलेल्या बाईने मुकाट्याने साबुदाणा शिजत घातला. दुसरा केक साडेचारला निघाला. सुरी घातली तर साफ कापला गेला, कडासुद्धा धड. दोघी बायका एकमेकींकडे बघून अशा हसल्या, की बाहेर मधुकररावांना वाटले, हाही गेला!

संध्याकाळी मुकुल, यशश्री, आठ वर्षांची नात अक्षरा आणि मराठी मंडळातल्या पाच-सहा बायका जमल्या. यशश्रीने ओवाळले. बाईंनी केक कापला, सगळ्यांदेखत पहिला तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "गूळ जरा कमी चालला असता." आणि दुसरा तुकडा घेतला. सोयराबाई पदराने डोळे पुसत होत्या. टाळ्या वाजल्या, पण मधुकररावांनी वाजवल्या नाहीत. त्यांच्या हिशेबी निकाल अजून लागायचा होता.

तो सकाळी लागला. सातला ते उठले तर शेजारची जागा रिकामी. ते स्वयंपाकघराकडे धावले. प्रमोदिनीबाई टेबलाशी बसल्या होत्या, ताज्यातवान्या, समोर चहाचा कप. बशीत केकचा शेवटचा तुकडा उरला होता आणि मुक्कामाला राहिलेल्या अक्षराने त्याच्याकडे हात नेला होता.

"आजी, मी घेऊ?"

"हात काढ," आजी म्हणाली. "तो माझा आहे."